चढावर अडखळणारी विजेची सायकल आणि सेन्सरच्या तारा

जुन्या सायकलीला हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी मोटर), कंट्रोलर आणि बॅटरी बसवून घरीच विजेची सायकल तयार करणाऱ्यांना एक दोष हमखास छळतो. जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातील सपाट रस्त्यावर सायकल सुरळीत धावते. पण खिरोद्याकडून पालकडे जाताना सातपुड्याचा चढ लागला, किंवा मागे चाऱ्याचा भारा बांधला, की ती झटके मारू लागते, वेगाचे आकडे भलतेच दिसतात आणि कधी मोटर थरथरून जागीच थांबते. मोटरमधला चाकाची स्थिती सांगणारा सेन्सर गेला असे समजून मोटर उघडली जाते, नवे सेन्सर बसवले जातात आणि पुढच्या चढावर तोच प्रकार पुन्हा घडतो. अशा वेळी सेन्सर बहुधा निर्दोष असतो. त्याची तार कुठून आणि कोणाच्या शेजारून नेली आहे, हे आधी पाहायला हवे.

एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधलेल्या परिणामावर (चुंबकामुळे प्रवाह वाहणाऱ्या पट्टीत आडवा विद्युतदाब निर्माण होतो) चालणारे तीन छोटे सेन्सर हब मोटरमध्ये असतात. चुंबक समोरून सरकले की प्रत्येकाच्या तारेवरील विद्युतदाब शून्य आणि 5 व्होल्ट यांत बदलतो. नेहमीच्या मांडणीत या तिघांच्या आठ संभाव्य जोडण्यांपैकी सहाच खऱ्या असतात. तिन्ही शून्य किंवा तिन्ही 5 व्होल्ट ही स्थिती येतच नाही. या सहा खुणांवरून कंट्रोलर चाकाची स्थिती ओळखतो आणि मोटरच्या तीन जाड तारांपैकी कोणत्या तारेत केव्हा प्रवाह सोडायचा ते ठरवतो. एखादी खूण क्षणभर जरी चुकीची वाचली गेली, तरी प्रवाह भलत्या तारेत जातो आणि स्वाराला झटका जाणवतो.

ही चुकीची खूण येते कुठून? कंट्रोलरमधील मॉसफेट (विजेचे वेगवान स्विच) सेकंदाला सुमारे 15 ते 20 हजार वेळा चालू-बंद होतात आणि प्रत्येक वेळी जाड तारेवरील दाब मायक्रोसेकंदाच्या अंशात शून्यावरून 48 व्होल्टवर उडी घेतो. शेजारून जाणाऱ्या दोन तारा म्हणजे एक लहानसा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटकच. तो 20 पिकोफॅरडचा धरला आणि ही उडी 0.1 मायक्रोसेकंदात झाली असे मानले, तर सेन्सरच्या तारेत क्षणभर जवळजवळ 10 मिलिअँपिअर प्रवाह घुसतो. हा प्रवाह क्षुल्लक वाटेल, पण हॉल सेन्सर आपली तार फक्त खाली, शून्याकडे खेचू शकतो. ती 5 व्होल्टवर धरून ठेवण्याचे काम कंट्रोलरमधील एक-दोन किलोओहमचा रोध करतो. एवढ्या दुबळ्या आधारावर उभ्या असलेल्या तारेला काही व्होल्टचा हिसका सहज बसतो. चढावर प्रवाह वाढला की तो तोडताना दाबात उठणारी कंपनेही वाढतात, म्हणून सपाटीवर लपलेला दोष तेथे उघडा पडतो.

निदान करताना घाई करू नये. वीजपुरवठा चालू ठेवून, थ्रॉटलला (वेग देणाऱ्या मुठीला) हात न लावता चाक हाताने सावकाश फिरवावे आणि प्रत्येक सेन्सरच्या तारेवर मल्टिमीटर लावावा. तिन्ही तारा शून्य आणि 5 व्होल्ट यांत स्वच्छ बदलत असतील तर सेन्सर जिवंत आहेत. झटके खड्ड्यांत बसत असतील तर कनेक्टर सैल असण्याची शक्यता जास्त. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि मे महिन्यातील 45 अंशांची उष्णता त्यांना लवकर खराब करते. बराच वेळ चढ चढल्यावर, मोटर तापली असतानाच दोष येत असेल आणि ती थंड झाल्यावर जात असेल, तर मात्र सेन्सरवर संशय घ्यावा. थ्रॉटल जोरात दिल्याबरोबर, थंड मोटरवरही अडखळणे सुरू होत असेल, तर हा विद्युत व्यत्यय आहे. मल्टिमीटर इतके क्षणिक हिसके दाखवू शकत नाही. ते पाहायला ऑसिलोस्कोप लागतो. तो नसेल तर सेन्सरची केबल सोडवून जाड तारांपासून वीतभर दूर, तात्पुरती चिकटपट्टीने बांधावी आणि त्याच चढावर त्याच भाराने पुन्हा चालवून पाहावे. फरक पडला तर निदान पक्के झाले.

उपायांत सर्वाधिक गुण तारांच्या मांडणीला येतो. मोटरच्या आसातून दोन्ही प्रकारच्या तारा एकत्रच बाहेर पडतात, त्याला इलाज नाही. पण तेथून पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या कराव्यात आणि ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे. तीन जाड तारा एकमेकींना घट्ट बांधाव्यात, कारण त्यांतील प्रवाहांची बेरीज कोणत्याही क्षणी शून्य असते आणि जवळ असताना त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना बरीचशी पुसून टाकतात. उरलेल्या तारेचे वेटोळे करून कंट्रोलरच्या डब्यात कोंबण्याची सवय मला फार घातक वाटते. जास्तीची तार कापावी. सेन्सरची प्रत्येक तार ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या) तारेशी पिळून न्यावी.

एवढ्याने भागले नाही तर कंट्रोलरच्या आत, तार 5 व्होल्टवर धरणाऱ्या रोधाच्या पुढे, प्रत्येक खुणेच्या तारेत 1 किलोओहमचा रोध आणि तेथून ग्राउंडला 10 नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. याचा कालांक, म्हणजे दाबातील बदल पुढे पोचायला लागणाऱ्या वेळेचे माप, 10 मायक्रोसेकंद येतो. चुंबकांच्या 23 जोड्या असलेली मोटर मिनिटाला 300 फेरे घेत असली तरी दोन खुणांमध्ये जवळजवळ 1,450 मायक्रोसेकंदांचे अंतर असते, त्यामुळे खरी खूण अबाधित राहते आणि क्षणिक हिसका गाळला जातो. कपॅसिटर अंदाजाने मोठा घेऊ नये. खूण उशिरा पोचली तर मोटर तापते.

थ्रॉटलकडे वेगळे लक्ष द्यावे लागते, कारण त्यातील हॉल सेन्सर साधारण 0.8 ते 4.2 व्होल्टमधला चढता दाब देतो आणि तेथील व्यत्यय झटक्याऐवजी नको असलेला वेग देऊ शकतो. त्याची ग्राउंड तार बॅटरीच्या जाड ऋण तारेला वाटेत कुठेही जोडू नये. त्या जाड तारेचा रोध केवळ 10 मिलिओहम असला तरी 25 अँपिअरला तिच्या दोन टोकांत पाव व्होल्टचा फरक पडतो आणि कंट्रोलर तो थ्रॉटलचाच इशारा समजतो. म्हणून ही तार थेट कंट्रोलरच्या सेन्सर-ग्राउंडपर्यंत न्यावी, आणि तारांची कोणतीही फेरजोडणी केल्यावर रस्त्यावर उतरण्याआधी चाक उचलून धरून ब्रेक दाबताच मोटरचा पुरवठा तुटतो ना, हे तपासावे.