‘मॅलार्ड’ मागवण्याआधी साल ठरवा

मॅलार्ड म्हणजे १९३८ मध्ये वेगाचा विक्रम केलेलं ब्रिटिश वाफेचं इंजिन. त्याच्या छोट्या मॉडेलसाठी ‘निळी मॅलार्ड आणि मागे शेपटीसारखा निमुळता डबा’ अशी मागणी आमच्याकडे सतत येते. सोबत व्हॉट्सॲपवर फोटो: एक इंग्लंडमधल्या यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयातला, एक १९३८ चा कृष्णधवल, एक हिरव्या रंगातला. खाली मजकूर, ‘अगदी अशीच करून द्या.’ इंजिन तिन्ही फोटोंत एकच, पण काळ वेगळे. तिन्हींची सरमिसळ झाल्याचं बहुतेकांच्या लक्षात येतं ते रंग वाळल्यावर. आमचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

अभियंता नायजेल ग्रेस्लींची ए-४ वर्गाची इंजिनं १९३५ मध्ये आली, मॅलार्ड त्यांतलंच एक. पहिली चार ‘सिल्व्हर ज्युबिली’ गाडीसाठी चंदेरी-करड्या रंगात. मॅलार्डचा तो निळा, म्हणजे ‘गार्टर निळा’, आला १९३७ च्या ‘कॉरोनेशन’ गाडीबरोबर. चाकांवरची पत्र्याची झालर युद्धकाळात काढली, कारण देखभालीला ती आड येत असे. यॉर्कच्या मॅलार्डवर दिसते ती सेवानिवृत्तीनंतर पुन्हा लावलेली. बाजूची विक्रमाची पाटी १९४८ ची. त्यामुळे १९३८ ची गाडी हवी असेल तर झालर हवी, पाटी नको आणि क्रमांक ४४६८. ६००२२ हा ब्रिटिश रेल्वेच्या काळातला.

आपल्याकडे ‘एम्पायर ऑफ इंडिया’लाही मागणी असते (हेही ए-४च, क्रमांक ४४९०), ते साहजिकच आहे. पण तयार मॅलार्डवर नुसती नावाची पाटी बदलून भागत नाही. मॅलार्डला दुहेरी धुराडं पहिल्यापासून होतं, बहुतेक भावंडांना ते १९५७-५८ मध्ये मिळालं. धुराडं आम्ही बदलून देतो, फक्त ते ऑर्डरच्या वेळी सांगा.

आता डब्यांविषयी. ३ जुलै १९३८ ला स्टोक उतारावर ताशी १२६ मैलांचा विक्रम झाला, तेव्हा मॅलार्डमागे ‘कॉरोनेशन’चे सहा डबे आणि वेग मोजणारा डायनॅमोमीटर डबा होता. शेपटीचा निरीक्षण डबा त्या दिवशी नव्हताच. तो ‘कॉरोनेशन’ला लागायचा, तोही उन्हाळ्यात. शोकेसमध्ये विक्रमाची गाडी ठेवायची असेल तर तो पैसा वाचवा आणि डायनॅमोमीटर डबा घ्या. तो आम्ही ऑर्डरप्रमाणे बनवतो.

‘साल लेखी कळवल्याशिवाय आगाऊ रक्कम घेत नाही, हा काय आडमुठेपणा?’ असं काही जण म्हणतात. इंजिनाचं नाक एकदा जवळून पाहा. पुढचा काळा भाग आणि निळा यांच्यामध्ये एक वक्र रेघ आहे, तिला लाल-पांढरी बारीक किनार. १:७६ मापात ती केसाएवढी होते. मास्किंग टेप जरा सरकली की दोन्ही बाजूंचं वळण जुळत नाही, आणि पूर्ण नाक घासून पहिल्यापासून रंगवावं लागतं. मग रंगवून झाल्यावर ‘हिरवीच करा’ म्हटलं, तर त्याचा खर्च वेगळा लागतो.

‘कॉरोनेशन’चे डबे जोडीजोडीने एकाच बोगीवर (म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर) टेकलेले असतात, आणि बोग्यांच्या मधला खालचा भागही झाकलेला. ४३८ मिमी त्रिज्येच्या वळणावर ही झाकणं बोगीला अडतात, म्हणून अशा लेआऊटसाठी (रुळांच्या मांडणीसाठी) आम्ही ती आतून कोरून देतो. शोकेससाठी मात्र नाही.

तर ऑर्डर देताना साल, इंजिनाचा क्रमांक आणि सगळ्यात अरुंद वळणाची त्रिज्या लिहून पाठवा. साल ठरत नसेल तर दुकानात या. १९३८ ची आणि १९५८ ची अशा दोन्ही मॅलार्ड काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत.