न्यू इंग्लंडच्या आद्य वसाहतकारांच्या वंशावळींची पडताळणी

सतराव्या शतकात इंग्लंडहून अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर जाऊन स्थायिक झालेल्या मूळ पुरुषांविषयीचे कौटुंबिक दावे समकालीन कागदपत्रांवरून तपासण्याची पद्धत. १६२० ते १६४० या काळात सुमारे २०,००० इंग्रज न्यू इंग्लंडात उतरले. एकोणिसाव्या शतकात आपले घराणे १६२० मध्ये प्लिमथच्या पहिल्या वसाहतकारांना घेऊन आलेल्या मेफ्लॉवर जहाजावरच्या प्रवाशांशी किंवा इंग्लंडातल्या एखाद्या सरदार कुळाशी जोडण्याची हौस अमेरिकेत वाढली आणि तिच्याबरोबर बनावट वंशावळीही वाढल्या.

अमेरिकेतल्या पिढ्या गावदप्तरातील जन्म-विवाहाच्या नोंदी, मृत्युपत्रे आणि जमिनीची खरेदीखते यांवरून बहुधा लागतात. इंग्लंडात १५३८ पासून पॅरिश (गावापुरत्या) चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या ठेवल्या जाऊ लागल्या. खरी अडचण येते ती या दोन टोकांना जोडताना. वसाहतीतला जॉन आणि इंग्लंडातल्या बाप्तिस्म्याच्या वहीतला त्याच नावाचा जॉन एकच, असे गृहीत धरून शेकडो वंशावळी रचल्या गेल्या. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे होत नाही. वहीतला तो जॉन लहानपणीच वारला का, किंवा मोठा होऊन त्याच गावात संसाराला लागला का, हे दफनाच्या आणि विवाहाच्या नोंदींतून पाहावेच लागते. हे नकारार्थी काम कंटाळवाणे खरे, पण बहुतेक खोटे दावे इथेच गळून पडतात. ‘सध्या न्यू इंग्लंडात असलेल्या माझ्या मुलास’ असा उल्लेख बापाच्या मृत्युपत्रात सापडला, तर त्याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

तारखा वाचतानाही सावध राहावे लागते. १७५२ पर्यंत इंग्रजी मुलखात वर्ष २५ मार्चला बदलत असे. मे १६४० मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १६४० मध्ये अपत्य, अशा नोंदी दिसल्या तर ते मूल लग्नानंतर नऊ महिन्यांनी झालेले असते. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ हे बाप-लेकच असतात असेही नाही. एका गावातील एकाच नावाच्या दोन माणसांना वयावरून तसे म्हणत.

मौखिक परंपरा किती ठाम आणि तरीही किती चुकीची असू शकते, हे जॉन हाउलंडच्या उदाहरणावरून दिसते. मेफ्लॉवरवरून समुद्रात पडून दोराला धरून वाचलेला हा तरुण प्लिमथ वसाहतीचे पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर यांच्या चाकरीत होता. त्याची बायको एलिझाबेथ ही कार्व्हर यांच्याच घरातली, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई. पुढचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांचे हस्तलिखित अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास बोस्टनमधून नाहीसे झाले होते. ते १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या फुलम येथील ग्रंथालयात सापडले. प्रवाशांच्या कुटुंबांची ब्रॅडफर्ड यांनी स्वतः केलेली यादी त्यात होती आणि तीत एलिझाबेथ ही जॉन टिली या सहप्रवाशाची मुलगी असल्याचे स्वच्छ लिहिले होते. बखरीपेक्षा अस्सल कागद श्रेष्ठ, याचा याहून चांगला दाखला क्वचितच मिळेल.

हाउलंडच्या बाबतीत निदान कोणाची लबाडी नव्हती. गुस्ताव्ह आंझू (१८६३–१९४२) याच्या वंशावळी मात्र जाणूनबुजून रचलेल्या होत्या. स्वीडनमध्ये बनावटगिरीबद्दल शिक्षा भोगून तो अमेरिकेत आला आणि श्रीमंत घराण्यांना भरघोस मोबदल्यात वंशावळी पुरवू लागला. वंशावळींचे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी १९९१ मध्ये त्याची कार्यपद्धती उलगडून दाखवली : खऱ्याखुऱ्या कागदपत्रांचे ढीगभर दाखले द्यायचे आणि मधल्या नेमक्या मोक्याच्या जागी, ठावठिकाणा न देता, एक काल्पनिक दस्तऐवज घुसवायचा. दहा दाखले खरे निघाले की तपासणारा अकरावा तपासत नाही. हे कल्पित दुवे छापील कुलवृत्तांतांत शिरले आणि तिथून आजवर उतरवून घेतले जात आहेत. म्हणून संपूर्ण वंशावळ खरी की खोटी हा प्रश्नच चुकीचा ठरतो. प्रत्येक पिढीचा दुवा वेगळा सिद्ध करावा लागतो.

बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीने (स्थापना १८४५) अँडरसन यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये ‘ग्रेट मायग्रेशन’ प्रकल्प हाती घेतला. या आद्य स्थलांतरितांविषयीचा एकेक दावा त्यात मूळ नोंदींवरून नव्याने तपासला गेला. दाव्याची शहानिशा करणाऱ्याने आधी इथे पाहावे.

डीएनए चाचणीचा उपयोग मर्यादित आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, त्यामुळे अखंड पुरुषवंश असलेल्या दोन घराण्यांचा मूळ पुरुष एक असू शकतो का, हे त्यावरून कळते. त्याचे आईवडील कोण, हे कळत नाही. सर्वसाधारण चाचणीत दहा-बारा पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा अंशही बहुधा उरलेला नसतो.

काही प्रश्न अजून सुटलेले नाहीत. मेफ्लॉवरवरचा जॉन ऑल्डन हा पिंपे बनवणारा कारागीर साउथॅम्प्टन बंदरात कामावर घेतला गेला, एवढे ब्रॅडफर्ड सांगतात. त्याच्या जन्मगावाविषयी आणि आईबापांविषयी अनेक दावे झाले, हारविच या बंदराचे नाव त्यात वारंवार येते; पण त्यांपैकी एकही सिद्ध झालेला नाही.