वॉर्डात जाण्याआधीची संसर्ग-नियंत्रण फाईल: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे अर्ज कुठे अडकतात

वॉर्डातल्या पोस्टिंगच्या (प्रत्यक्ष कामाच्या) आदल्या आठवड्यात फाईल छातीशी धरून, डोळ्यांत पाणी आणून उभे राहिलेले विद्यार्थी मी दर बॅचला पाहते. त्यांनी टाळाटाळ केलेली नसते. कागद गोळा करायला आठ दिवस पुरतील असं त्यांना वाटलेलं असतं, आणि कुणी वेळेवर सांगितलेलंही नसतं.

पात्रता सोपी आहे. अभ्यासक्रमाला प्रवेश, वैद्यकीय तपासणी, लसीकरणाचा पुरावा आणि संसर्ग नियंत्रणाचं प्रशिक्षण एवढ्यावर पोस्टिंग मिळतं. फोटो, ओळखपत्र, हमीपत्र एका दिवसात होतं. नेमकी यादी संस्थेगणिक थोडी बदलते, म्हणून ती प्रवेशाच्या दिवशीच मागून घ्या.

सर्वांत जास्त फाईली अडतात त्या हिपॅटायटिस बीवर. नेहमीचं वेळापत्रक ०, १ आणि ६ महिने असं तीन डोसांचं. पण तीन डोसांची नोंद म्हणजे संरक्षण मिळाल्याचा पुरावा नव्हे. त्यासाठी शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातल्या अँटी-एचबीएसची, म्हणजे या आजाराविरुद्धच्या प्रतिपिंडांची, पातळी तपासतात आणि ती १० mIU/mL किंवा त्याहून अधिक लागते. म्हणजे सुरुवातीपासून मोजलं तर सात-आठ महिने. पोस्टिंगच्या महिनाभर आधी पहिला डोस घेणाऱ्याला हे गणित कुठल्याही विनंतीअर्जाने जुळवता येत नाही. चूक विद्यार्थ्याची म्हणायची तरी कशी? सूचनाफलकावर नुसतं ‘लसीकरण पूर्ण असावे’ लिहिलेलं असतं, ‘आजच सुरू करा’ असं लिहायला कुणाला सुचत नाही.

इथे एक उलटी चूकही होते. दुसरा डोस घेऊन वर्ष लोटलं म्हणून काही जण पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. त्याची गरज नसते. राहिलेला डोस घ्यायचा आणि पुढे जायचं. अंतर वाढलं तर चालतं, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी झालं तर डोस धरत नाहीत: पहिल्या-दुसऱ्यात किमान ४ आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात किमान ८ आणि पहिल्या-तिसऱ्यात किमान १६.

दुसरा अडथळा लहानपणीच्या लसीकरण कार्डाचा. ते बहुतेकांकडे नसतंच. ‘आईला आठवतंय, दिलं होतं’ हे पुरावा म्हणून चालत नाही, हे सांगताना मलाही वाईट वाटतं. पण हातपाय गाळू नका. गोवर आणि रुबेलासाठी रक्ततपासणीत प्रतिकारशक्ती दिसली तर तो पुरावा धरतात. नाहीतर एमएमआरचे (गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लसीचे) दोन डोस, किमान २८ दिवसांच्या अंतराने, पुन्हा घेता येतात. आधी घेतलेले असले तरी पुन्हा घेतल्याने अपाय होत नाही. गरोदर असाल तर मात्र एमएमआर घ्यायची नाही, डॉक्टरांना ते आधी सांगा.

क्षयरोगाची मॉन्टू चाचणी (हाताच्या त्वचेत टोचून करतात ती) करणार असाल तर तारखा नीट बघा. टोचल्यापासून ४८ ते ७२ तासांत प्रशिक्षित माणसाने हात पाहून फुगवटा मिलिमीटरमध्ये मोजायचा असतो. लाली मोजत नाहीत. मधे सुट्टी आली आणि वेळ टळली की चाचणी बाद. अहवालावर नुसतं ‘निगेटिव्ह’ नको, मिलिमीटरचा आकडा, तारीख आणि सही हवी. एमएमआर आणि मॉन्टू एकाच दिवशी करा, नाहीतर लसीनंतर चार आठवडे थांबा, कारण मधल्या काळात चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे क्षयरोग झाला असं नाही. क्षयरोगाच्या बीसीजी लसीमुळेही तसं होऊ शकतं. छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. पूर्वी पॉझिटिव्ह आलेली असेल तर तो जुना कागद जपून ठेवा, पुन्हा टोचून घेऊ नका.

प्रशिक्षणाच्या बाबतीत ऑनलाइन प्रमाणपत्र जोडून मोकळं व्हायची सवय लागली आहे. तेवढ्यावर भागत नाही, आणि भागूही नये. हात स्वच्छ करण्याचं प्रात्यक्षिक कुणीतरी समोर उभं राहून पाहिलेलं हवं: अल्कोहोल रबने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६०. रब कधी पुरत नाही तेही विचारतात. हात दिसण्याइतके मळलेले असतील किंवा रुग्णाला क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जिवाणूमुळे जुलाब असेल तर साबण-पाणीच लागतं, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. एन-९५ मास्कच्या फिट टेस्टच्या (मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का, या चाचणीच्या) कागदावर मास्कचं मॉडेल आणि माप लिहून घ्या. दाढी असेल तर कडा चेहऱ्याला बसत नाही आणि चाचणी होतच नाही.

अँटी-एचबीएस १० च्या खाली आलं तर घाबरू नका. पुढचे डोस घेऊन पुन्हा तपासणी होते. दोन पूर्ण मालिकांनंतरही वाढलं नाही तर हिपॅटायटिस बीचा संसर्ग आधीच आहे का, हे पाहतात. तसा नसेल तर तुम्हाला संरक्षण नाही असं धरतात. पोस्टिंग त्यामुळे थांबत नाही. मात्र फाईलमध्ये त्याची ठळक नोंद करून घ्या. उद्या सुई टोचली आणि रुग्णाला हिपॅटायटिस बी असल्याचं कळलं, तर तुम्हाला इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागेल, तेही शक्यतो २४ तासांच्या आत, आणि ती नोंद पाहूनच रात्रपाळीचा डॉक्टर तसं ठरवणार आहे.