पंप बसवण्याआधी टाकी धुवा
जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीला आणणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"पंप तर आत्ताच करून नेला होता, मग परत तेच कसं?"

हंगाम सुरू झाला की हा प्रश्न आम्हाला वरचेवर ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचा राग समजतो. काम अडलेलं असतं, खर्च झालेला असतो आणि ट्रॅक्टर पुन्हा मिसिंग करत उभा असतो. म्हणून पंप परत आला की आम्ही वाद घालत नाही, तुमच्यासमोरच उघडतो. बहुतेक वेळा आत तेच दिसतं: एलिमेंटच्या (डिझेल दाबून पुढे ढकलणाऱ्या दांडा-बॅरलच्या जोडीच्या) आरशासारख्या दांड्यावर उभा करडा ओरखडा, आणि डिलिव्हरी व्हॉल्व्हखाली विटकरी रंगाची बारीक पूड. ही पूड म्हणजे गंज, आणि तो टाकीतून आलेला असतो. पंप नवा झाला, पण त्याला डिझेल मिळालं ते त्याच जुन्या टाकीतून, त्याच जुन्या पाइपातून.

एवढ्याशा पुडीने काय होतं, असं वाटणं साहजिक आहे. एलिमेंटचा दांडा आणि त्याचं बॅरल यांच्यात जी फट असते ती दोन ते चार मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन-चार. माणसाचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो. डिझेलने भिजवलेला चांगला दांडा बॅरलमधून थोडा वर ओढून सोडला, तर स्वतःच्या वजनाने सावकाश, कुठेही न अडखळता खाली उतरतो. तळहाताची ऊब लागली तरी त्याच्या चालण्यात फरक पडतो. अशा फटीत गंजाचा कण शिरला की तो दळला जातो आणि दळताना ओरखडा काढतो. मग त्या ओरखड्यातून डिझेल मागे पळतं, दाब तयार होत नाही, ट्रॅक्टर गरम झाल्यावर स्टार्ट व्हायला कुरकुर करतो आणि लोडवर दम सोडतो.

पाणी त्याहून वाईट. या सगळ्या पार्टना वंगण म्हणून डिझेलच मिळतं, वेगळं ऑइल तिथे पोचत नाही. रांगेत एलिमेंट असलेल्या पंपात निदान खालच्या कॅमशाफ्टला ऑइल असतं. डीपीएसारख्या रोटरी पंपात मात्र अख्खा पंप डिझेलवरच चालतो. पाण्याचा थेंब आला की तेवढी जागा कोरडी पडते. असा पंप महिनाभर उभा राहिला तर रोटर जागच्या जागी धरतो आणि स्टार्टर मारताच ड्राइव्ह शाफ्ट तुटतो.

पंप नेल्यानंतर नवव्या दिवशी परत आलेल्या एका ट्रॅक्टरची गोष्ट सांगतो. दोन एलिमेंट पुन्हा खराब. या वेळी आम्ही पंपाला हात लावण्याआधी ट्रॅक्टरपाशी गेलो आणि टाकीचा खालचा नट काढून काचेच्या बरणीत डिझेल धरलं. खाली बोटभर पाणी, त्यावर काळपट शेवाळासारखा थर, मग डिझेल. आउटलेटच्या जाळीवर गोणपाटाचे धागे गुंडाळलेले होते. कधीतरी कॅनमधून ओतताना गाळायला गोणपाट लावलं होतं, त्याचेच ते. मालक बरणीकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनी फिल्टर बदलले होते, पंप चांगला करून घेतला होता, ट्रॅक्टरची काळजी घेणारा माणूस. टाकी उघडायची असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून पंप देताना आम्ही हे तोंडी सांगत आलो. पण पंप न्यायच्या घाईत तोंडी सांगितलेलं राहून जातं, म्हणून हे छापलं.

टाकी कशी धुवायची

पंप आमच्याकडे असतानाच हे काम उरका. टाकी ट्रॅक्टरवर ठेवून नुसता नट सोडला तर गाळ कोपऱ्यात बसून राहतो. टाकी खाली उतरवा. आतली जाळी काढा. दोन-तीन लिटर स्वच्छ डिझेल टाका आणि जोराने हलवून ओता. गढूळ येतंय तोवर पुन्हा पुन्हा. आत गंजाचे पापुद्रे असतील तर मूठभर स्वच्छ नट किंवा बारीक साखळीचा तुकडा टाकून हलवा, पापुद्रे सुटतात. नंतर नट मोजून बाहेर काढा. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नका. टाकी गळते म्हणून रिकामी टाकी तशीच वेल्डिंगला नेऊ नका; आत राहिलेल्या वाफेने टाकी फुटून माणसं दगावली आहेत.

टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतलं डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) पाइपात उलट दिशेने हवा मारा. रबरी पाइप जुना असेल तर बदलाच. बाहेरून चांगला दिसणारा पाइप आतून सोलतो आणि त्याच्या काळ्या सालट्या फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात. फिल्टरचे बाऊल धुवा आणि दोन्ही फिल्टर नवे टाका. नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून बसवायची सवय अनेकांना आहे, म्हणजे हवा लवकर निघते. पण असं न गाळलेलं डिझेल कागदाच्या पलीकडच्या बाजूला गेलं तर थेट पंपात पोचतं. हँडप्रायमर (हाताने डिझेल भरायचा दांडा) पाच मिनिटं जास्त मारावा लागला तर मारा.

टाकी उतरवायला वेळ नसेल किंवा माणूस नसेल तर टाकी पंपासोबतच घेऊन या. आम्ही धुऊन, वाळवून, पाइप तपासून देतो. पंप करून घेणाऱ्यांचं हे काम आधी घेतो, कारण त्यात आमच्याच कामाचा जीव अडकलेला आहे.

नोझलही का मागतो

"फक्त पंप करा, नोझल ठीक आहेत" असं सांगितलं तरी आम्ही नोझल आणायला सांगतो. काम वाढवायचं म्हणून नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या नोझल साधारण १७५ ते २५० बारला उघडतात. मॉडेलप्रमाणे आकडा ठरलेला असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये एक-दीड बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. टेस्टरवर हँडल दाबलं की चांगली नोझल किर्रर्र आवाज करून धुक्यासारखा फवारा मारते आणि टोक कोरडं ठेवते. खराब नोझल पिचकारी मारते, नाहीतर टोकाशी थेंब धरते. हा थेंब धड जळत नाही. त्याने काळा धूर होतो, डिझेल जास्त जातं, आणि एकाच जागी पिचकारी बसत राहिली तर पिस्टनचं डोकं जळतं. पंप कितीही बरोबर लावला तरी असा ट्रॅक्टर धूर मारणारच, आणि बोल पंपाला लागणार.

नोझल काढताना खालचा तांब्याचा वायसर आत हेडमध्येच चिकटून राहतो. तो न काढता वर दुसरा टाकला तर नोझल उंच बसते आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. टॉर्च लावून आत बघा. वायसर दर वेळी नवा टाका. नोझलबरोबर आम्ही तो देतोच. आणि टेस्टरशिवाय, बाहेर पाइपावर नोझल लावून फवारा बघत असाल तर हात समोर आणू नका. तो फवारा कातडीतून आत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, पण डिझेल आत पसरतं आणि बोट काढायची वेळ येते. असं झालं तर काही तास वाट बघू नका, तडक दवाखान्यात जा आणि डिझेल घुसलंय हे स्पष्ट सांगा.

आमच्याकडे दिवस का लागतात

उघडून धुणं आणि पार्ट बदलणं यात फार वेळ जात नाही. वेळ जातो बेंचवर. पंप फिरवून प्रत्येक लाइनचं डिझेल वेगळ्या काचेच्या नळीत धरतो, ठरलेल्या स्ट्रोकला किती आलं ते मोजतो. सगळ्या नळ्यांची पातळी एका रेषेत आली पाहिजे. फुल स्पीडला जुळली की कमी स्पीडला बघायची, मग स्टार्टिंगला, मग गव्हर्नर, म्हणजे स्पीड आवरणारा भाग, डिझेल कुठे कट करतो ते. एक लाइन हलवली की बाकीच्या पुन्हा बघाव्या लागतात. हे अर्ध्या तासात करून देणारे आहेत. आम्ही देत नाही. लाइन कमी-जास्त असलेलं इंजिन रिकाम्यावर गोड चालतं, रोटाव्हेटर लावला की थरथरतं.

हे आकडे पंपावरच्या पट्टीवरच्या नंबरवरून मिळतात. तेवढ्यासाठी तरी ती पट्टी खरवडू नका, रंगवू नका.

सेटिंग झालं की जास्तीत जास्त डिझेलच्या स्क्रूला आम्ही तार घालून सील करतो. तो स्क्रू थोडा आत घेतला की ट्रॅक्टर ओढतो असं वाटतं, आणि खरंच थोडे दिवस ओढतो. पण जेवढी हवा आत जाते तेवढंच डिझेल जळतं. उरलेलं काळा धूर होऊन जातं, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि इंजिन लवकर बोअरला येतं, म्हणजे सिलिंडर झिजून बोअर करून घ्यावा लागतो. सील तुटलेल्या पंपाची जबाबदारी आम्ही घेत नाही, यामागे हेच कारण आहे.

पंप उतरवण्याआधी दोन गोष्टी बघा

अर्धा-पाऊण तास चालून ट्रॅक्टर बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो, अशी तक्रार असेल तर तो बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तार घालून मोकळं करा. या एका कारणासाठी उतरवून आणलेले चांगले पंप आम्ही काही न करता परत दिलेत.

दुसरं, इंजिनची ऑइल कांडी. लेव्हल खाली जायच्या ऐवजी वर चढत असेल आणि वास डिझेलचा येत असेल, तर फीड पंपाचा पडदा फाटलाय किंवा रोटरी पंपाचं शाफ्ट सील गेलंय. अशा वेळी ट्रॅक्टर एक तासही चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

आणताना, बसवताना

खोलण्याआधी पंप बाहेरून डिझेलने आणि ब्रशने धुवा. चालून गरम झालेल्या पंपावर थंड पाण्याचा फवारा मारू नका, आतले पार्ट धरतात. फ्लँजवर खूण नसेल तर छिन्नीने हलकी रेघ मारून घ्या, टायमिंग लावताना उपयोगी पडते. पाइपांना नंबर बांधा, वाकवू नका. उघडी तोंडं प्लास्टिकची पिशवी आणि रबराने बांधा. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत राहतात. आणि कृपा करून पंप घरी खोलून बादलीत आणू नका. दांडा आणि बॅरल जोडीनेच घासून बनवलेले असतात. एकाचा दांडा दुसऱ्यात गेला की चांगली जोडीही टाकून द्यावी लागते.

बसवल्यावर हवा क्रमाने काढा: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलपाशी पाइपाचे नट अर्धा फेरा ढिले करून. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका. पहिल्यांदा सुरू करण्याआधी स्टॉप लिव्हर पूर्ण मागे येतो का ते हाताने बघा आणि जवळ एक फळी ठेवा. रॅक (पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) अडकून इंजिन सुसाट सुटलं तर एअर क्लीनरचं तोंड त्या फळीने दाबून बंद करता येतं. हाताने किंवा कपड्याने ते करायला जाऊ नका.

पहिल्या पन्नास तासांनी फिल्टर पुन्हा बदला. जुना फिल्टर फेकू नका, पिशवीत घालून आमच्याकडे आणा. आम्ही तो कापून आतला कागद तुमच्यासमोर उलगडतो. विटकरी डाग दिसले तर टाकी अजून स्वच्छ झालेली नाही, आणि ते आत्ताच कळलं तर पंप वाचतो. हे बघण्याचे पैसे आम्ही घेत नाही.