फ्रीजरचा सल्ला आला कुठून?

हार्ड डिस्क गेली की रत्नागिरी काय, मालवण काय, सांगणारा भेटतोच: पिशवीत गुंडाळा नि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. दुसरा म्हणतो, हळूच ठोका. हे सल्ले वेडेपणाचे वाटतात, पण एके काळी त्यांना कारण होतं.

1956 साली आयबीएमने पहिली डिस्क आणली. 24 इंची 50 तबकड्या, त्यावर मावायची जेमतेम 50 लाख अक्षरं. वाचणारं हेड दाबलेल्या हवेवर तबकडीपासून अलग धरलेलं असे. 1973 च्या ‘विंचेस्टर’ डिस्कमध्ये हेड हलकं झालं आणि मशीन बंद केल्यावर थेट तबकडीवरच टेकू लागलं. खोड इथलीच. गुळगुळीत तबकडी, वर वंगणाचा थर. टेकलेलं हेड कधीकधी चिकटून बसे आणि मोटर फिरेना. अशा वेळी टिचकीने किंवा थंडीने ते सुटायचं. 1990 च्या दशकात लॅपटॉपच्या डिस्कमध्ये हेड तबकडीबाहेर उतारावर उभं राहू लागलं, पुढे ती पद्धत सगळीकडे पसरली. दुखणं जवळपास संपलं, औषध मात्र तोंडी चालत राहिलं.

आता ते औषध घातक आहे, आपल्याकडे तर जास्तच. फ्रीजरमधली डिस्क जुलैच्या दमट हवेत बाहेर काढली की तिला घाम फुटतो. नेहमीच्या डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून ओल आतही शिरते. फिरताना हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, तिथे दवाचा थेंबही पुरतो. हेडने जिथला माहिती धरणारा थर खरवडला, तिथली माहिती कुणीच परत आणू शकत नाही.

डिस्क अडखळत असेल पण वाचता येत असेल, तर 2004 पासून मिळणारं ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत सॉफ्टवेअर बरं. ते आधी धड भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवतं, खराब जागी नंतर परततं आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं. फायली शोधायच्या त्या प्रतीत. टकटक आवाज येत असेल तर तेही नको, वीज तोडा.

पुराची गोष्ट वेगळी. 26 जुलै 2005 ला आणि 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी भरलं. भिजलेली डिस्क ‘चालते का बघू’ म्हणून सुरू करणं सर्वांत वाईट. उन्हातही वाळवू नये, गाळ तबकडीवर धरून बसतो. ओलसरच पिशवीत बंद करून ती डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावी.