वाळता वाळता वळलेला मनोरा

पावसाळा लागला की आमच्या स्वयंपाकघराचं दार फुगतं. सुतार रंधा मारून जातो आणि उन्हाळ्यात नेमकी तिथेच फट पडते. लाकडाच्या याच खोडीतून जर्मनीत मनोरा उभारलाय हे कळलं, आणि मला राहवेना.

स्टुटगार्टजवळच्या उरबाख गावी २०१९ साली हा मनोरा उभा राहिला. उंची १४ मीटर, वळलेले लाकडी भाग १२. वास्तुविशारद आखिम मेंगेस आणि अभियंते यान क्निपर्स यांच्या गटाने स्विस संशोधकांबरोबर तो घडवला. हे भाग यंत्राने दाबून वाकवलेले नाहीत. वाळताना ते आपणहून वळले. ही युक्ती चिडाच्या (पाइन झाडाच्या) फळाची.

चिडाचं सुकं, उघडलेलं फळ पाण्यात टाका; काही वेळाने खवले मिटतात. वाळलं की पुन्हा उघडतात. प्रत्येक खवल्यात दोन थर असतात. बाहेरच्या थराच्या पेशीभित्तींत सेल्युलोजचे तंतू बरेचसे आडवे, आतल्यात लांबीला धरून. पाणी तंतूंच्या मधे शिरून त्यांना दूर सारतं, पण तंतू स्वतः लांबत नाहीत. म्हणून ओला झाला की बाहेरचा थर लांबतो, आतला जवळपास तेवढाच राहतो आणि खवला आत वळतो. ‘लाकूड जिवंत असतं, श्वास घेतं’ असं फर्निचरच्या दुकानात हमखास ऐकवतात. हे फळ तर मेलेलं आहे! काम करतात ते फक्त पाणी आणि तंतूंची दिशा.

फळीचंही तसंच. ओली फळी वाळताना लाकडाच्या रेषांच्या (म्हणजे तंतूंच्या) आडवी काही टक्के आकसते, रेषांच्या दिशेने जेमतेम. म्हणून स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फळ्यांचे दोन थर रेषा काटकोनात ठेवून चिकटवले आणि ओलावा २२ टक्क्यांवरून १२ वर आणला. वळण किती येईल? अभियंते तिमोशेंको यांनी १९२५ मध्ये द्विधातू पट्टीसाठी (दोन वेगळ्या धातू जोडलेली, तापली की वाकणारी पट्टी) मांडलेलं गणित इथे लागू पडतं: वक्रता आकसण्यातल्या फरकाच्या सम प्रमाणात, एकूण जाडीच्या व्यस्त प्रमाणात, शिवाय दोन थरांच्या जाडीचं आणि ताठरपणाचं गुणोत्तरही त्यात येतं. त्यात खोडातल्या वार्षिक वलयांच्या कडेकडेने (स्पर्शरेषेच्या दिशेने) आकसणं हे केंद्राकडून सालीकडे (त्रिज्येच्या दिशेने) आकसण्याच्या सुमारे दुप्पट, त्यामुळे फळी खोडातून कशी कापली तेही मोजावं लागतं. संगणक हवा तो इथे.

मग पाऊस पडला की मनोरा सरळ होईल? नाही. वळलेले तक्ते एकावर एक चिकटवून तो बाक कायमचा जखडलाय. बाकामुळेच भिंत ताठ राहते. एवढ्या उंचीला जाडी फक्त ९० मिलिमीटर पुरली.