कवच वेगळं, प्लेट वेगळी

‘पृथ्वीचं कवच सरकतं’ असं आपण सर्रास म्हणतो. वाक्य अगदीच चूक नाही, पण अर्धं आहे. सरकते ती प्लेट, म्हणजे भूपट्ट. कवच तिच्या पाठीवर बसून जातं.

कवच ठरतं ते खडक कशाचा आहे यावरून. जमिनीखाली ते साधारण ३५-४० किलोमीटर जाड, समुद्राखाली जेमतेम ६-७, तर तिबेटखाली ७०च्या घरात. त्याखाली प्रावरण, तिथला खडक जास्त जड. ही सीमा क्रोएशियाचे भूकंपशास्त्रज्ञ मोहोरोविचिच यांनी १९०९ साली ओळखली. झाग्रेबजवळच्या भूकंपाच्या काही लाटा हिशेबापेक्षा आधी पोहोचल्या होत्या, कारण खोलवरच्या खडकातून त्या जास्त वेगाने आल्या होत्या.

प्लेट ठरते वागणुकीवरून. कवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा थंड, कडक थर मिळून सुमारे १०० किलोमीटर जाडीचा एक तुकडा होतो. म्हणजे प्लेटमध्ये कवचापेक्षा प्रावरणच जास्त! त्याच्याही खालचा खडक इतका तापलेला असतो, की लाखो वर्षांच्या हिशेबात तो वाहतो. पण असतो घनच. प्लेट म्हणजे दुधावर तरंगणारी साय, ही नेहमीची उपमा इथेच फसवते. खाली दूध नाहीच.

आपल्या इंदूरकरांना हे पटायला जड जातं, कारण पावसाळ्यात पातालपाणीला गेलं की धबधब्याच्या कड्यात काळ्या दगडाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोंढे येत गेले, त्यांचे हे थर. एवढा लाव्हा वर आला म्हणजे खाली त्याचा समुद्रच असणार, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात तापलेला घन खडक वर चढताना त्याच्यावरचा दाब कमी झाला आणि त्याचा थोडासा भाग वितळला. तेवढ्यानेच सगळा माळवा झाकला गेला, आणि प्रावरणातून आलेला तो माल आता कवचात जमा आहे.

मग हा कीस काढायचा कशाला? कारण प्लेट हलते कशाने, याचं उत्तर इथेच सापडतं. कवच प्रावरणापेक्षा हलकं, ते एकटं बुडणार नाही. पण समुद्राखालची प्लेट जुनी होते तशी थंड होते, तिचा प्रावरणाचा थर जाड होत जातो, आणि शेवटी तिची कड स्वतःच्याच वजनाने खाली जाते. जाताना मागचा तुकडा ओढून नेते. प्लेटा हलवणाऱ्या बळांत ही ओढ सर्वांत मोठी मानली जाते.

इंदूरहून मुंबई गाठून पुढे अरबी समुद्रात खोलवर गेलात, तर पायाखालचं कवच बदलतं, प्लेट तीच. तिची पश्चिमेची कड लागते थेट ओमानच्या बाजूला. ही अख्खी प्लेट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे चालली आहे आणि तिकडे आशियाला भिडली आहे. त्या रेट्याचा ताण आतल्या जुन्या कमकुवत पट्ट्यांवरही येतो. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तो असाच, प्लेटच्या कडेपासून शेकडो किलोमीटर आत. खडक तुटला तो सुमारे ३५ किलोमीटर खोल, कवचाच्या तळाशी. बडवाहला आपण ज्या नर्मदेत डुबकी मारतो, तिचं खोरं याच पट्ट्यात आहे.